पडद्यावरचा दरबार आणि कित्तूरचे जोते

ऐतिहासिक चित्रपटासाठी संगणकावर दरबार रंगवायला घेतला की पहिल्या तासाभरात ठरलेले चित्र उभे राहते: वीस फुटी खांब, मागे मागे जाणाऱ्या महिरपी, काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, वर झुंबरे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या वाड्यांत असा दिवाणखाना शोधून सापडायचा नाही. तो आला आहे नाटकाच्या पडद्यावरून.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर. त्यांच्या ‘शाकुंतल’ने १८८० मध्ये संगीत नाटकांची लाट आणली. गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांना गुंडाळून नेता येईल असाच राजवाडा हवा होता. शेवटच्या रांगेला दिसावे म्हणून खांब जाड, कमानी उंच, सावल्याही कापडावरच रंगवलेल्या. असे पडदे रंगवणाऱ्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त (१९२०) सपाट पडद्याऐवजी त्रिमित देखावे उभे केले. वेशभूषेची, दृश्यांची रेखाटने ते आधी करून ठेवत. आजच्या कन्सेप्ट आर्टचे, म्हणजे चित्रीकरणाआधी देखावा चितारून ठरवण्याच्या कामाचे, मूळ आपल्याकडे तिथे आहे. पुढे १९९० मध्ये संगणकावर चित्रे घडवायचे फोटोशॉप आले, मग त्रिमित देखावे उभारायचे ब्लेंडर. हत्यारे बदलली, दरबार बराचसा तोच राहिला.

कित्तूरचे उदाहरण घ्या. प्रसंग १८२४ चा, राणी चेन्नम्माच्या लढ्याचा. किल्ल्यातल्या वाड्याची जोती आणि पडक्या भिंती उरल्या आहेत, छप्पर नाही. म्हणजे जमिनीचा नकाशा मोजून मिळतो, वरचे सगळे तर्काने भरायचे. तर्काचे माप ‘खण’. दोन खांबांमधले हे अंतर वाड्यांत साधारण पाच फूट असते, कारण लाकडी तुळईला त्याहून फार लांब झेप परवडत नाही. सोपा, म्हणजे चौकाकडे उघडी असलेली पडवी, किती खणांचा हे ठरले की खांब किती आणि कुठे ते आपोआप ठरते. तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड, त्यावर सुरूच्या झाडासारखा निमुळता सुरूदार खांब, वर तुळई आणि कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचे छत. छत हाताशी येईल इतके खाली राहते. दिग्दर्शकाला ते कोंदट वाटते आणि तो उंची वाढवायला सांगतो. उंची वाढवली की वाड्याचे लग्नाचे कार्यालय होते.

ब्लेंडरमध्ये आधी नुसते करडे ठोकळे मांडावेत. कॅमेरा बैठकीवरच्या माणसाच्या डोळ्याइतका, जमिनीपासून अडीच फुटांवर. भिंग ३५ मिलिमीटरच्या आसपास. १६ चे भिंग लावले तर कडेचे खांब ताणले जातात आणि पडद्यावरचा दरबार मागच्या दाराने परत येतो.

खरी कसोटी उजेडाची. दिवसा तो येणार चौकातून, एकाच बाजूने. माजघरापर्यंत जाता जाता अंधारच उरतो. रात्री समईची एक वात म्हणजे जेमतेम एका मेणबत्तीचा उजेड, आणि एका हातावरून तीन हातांवर गेलात की तो नवव्या हिश्श्यावर येतो. सगळा कोपरानकोपरा दिसावा म्हणून चित्रकार भिंती उजळत जातो, पण मग ज्योतीला तेज कसे राहणार? आधी काळा-पांढरा तोल बसवावा, रंग नंतर.

खरेपणा यावा म्हणून चित्रात खऱ्या भिंती-कौलांचे फोटो चिकटवताना दोन चुका हमखास होतात. एक, राजस्थानी झरोक्याचा फोटो उचलला जातो. त्याची दगडाची जात वेगळी, शिवाय ऊन भलत्याच बाजूचे. खानापूरकडचा जांभा खरबरीत आणि भोकाभोकांचा असतो, त्यावर चुन्याचा गिलावा गुळगुळीत बसला तरी कडा बोथट दिसतात. दुसरी चूक मंगलोरी कौलांची. ती बनवणारा बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा. १८२४ च्या चौकावर ती कौले दिसली की जाणता प्रेक्षक हसतो. तिथे कुंभाराची नळीची कौले हवीत.

शेवटी भिंत, छत, बैठक, दिवे असे थर वेगळे ठेवूनच फाइल द्यावी, सोबत खणांचा नकाशाही. सेटवर बहुधा दहा-बारा फुटांपर्यंतच बांधतात, वरचे संगणकावर जोडतात. एकाच थरात सपाट केलेले चित्र आले तर सुताराने बांधकाम नेमके कुठे थांबवायचे, हे त्यावरून कळत नाही.