स्प्रिंट आणि स्ट्रेच: दिसायला सारखे, आतून वेगळे

शुक्रवारी सॉफ्टवेअरचं रिलीज असेल, तर बुधवारच्या स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला) एक वाक्य हमखास कानावर येतं: "या वेळी जरा स्ट्रेच करूया." म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण पाच माणसं पाच गावांहून काम करत असतील, तर हे वाक्य फार महाग पडतं. स्प्रिंट म्हटला की धावणं आलं, धावणं आलं की धापा टाकणं आलं, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. म्हणून स्ट्रेच सुरू झाला तरी तो स्प्रिंटच वाटत राहतो.

मुळात स्प्रिंट म्हणजे मोजून घेतलेला वेळ. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी १९९५ मध्ये स्क्रम, म्हणजे टीमने छोट्या ठरावीक टप्प्यांत काम करायची पद्धत, पहिल्यांदा जाहीरपणे मांडलं. असा एक टप्पा म्हणजे स्प्रिंट. त्यात स्प्रिंट जास्तीत जास्त महिनाभराचा, आणि वेबचं काम करणाऱ्या बऱ्याच टीम तो दोन आठवड्यांचा धरतात. वेळ ठरलेला, माणसं ठरलेली. कमीजास्त होतं ते काम. स्ट्रेचमध्ये बरोबर उलटं होतं. काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि ताणला जातो तो वेळ. हा वाढीव वेळ झोपेतून, रविवारातून आणि मुलांच्या अभ्यासातून काढला जातो.

आमच्याच एका प्रोजेक्टवरचं सांगतो. चेकआउटचं पान करत होतो. दहा कामाच्या दिवसांपैकी आठव्या दिवशी टेस्टिंगमध्ये दिसलं, की ग्राहक कूपन लावून ओटीपीच्या पानापर्यंत गेला आणि तिथून मागे फिरला, तर पैसे कटत नाहीत, पण कूपन मात्र वापरलं गेलं असं दिसतं. आम्ही स्ट्रेच केला. दोघं रात्री दोनपर्यंत बसले. पीआर (बदललेला कोड इतरांनी तपासावा म्हणून केलेली विनंती) साडेबाराला आला आणि त्यावर कोणी तरी न वाचताच अंगठा दिला. शुक्रवारी रिलीज झालं, आणि सोमवारी कळलं की आता तेच कूपन दोनदा लागतंय. पुढच्या स्प्रिंटचे दोन दिवस त्यात गेले.

स्प्रिंटच्या रीतीने काय करायला हवं होतं? त्याच दिवशी प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे कोणतं काम आधी हे ठरवणाऱ्या माणसाला, फोन. स्प्रिंटचं उद्दिष्ट होतं "ग्राहकाला पैसे भरून ऑर्डर पूर्ण करता यावी." कूपन त्यात नव्हतंच. ते बंद ठेवून चेकआउट लाइव्ह करता आलं असतं. स्क्रमचे नियम सांगणारी पुस्तिका, स्क्रम गाइड, हेच सांगते: स्प्रिंट चालू असताना कामाची व्याप्ती पुन्हा बोलून ठरवता येते, दर्जा मात्र घसरता कामा नये. २०११ साली याच गाइडमधून स्प्रिंटच्या कामाबद्दलचा "वचन" हा शब्द काढून "अंदाज" हा शब्द आणला गेला. मला तो बदल फार मोलाचा वाटतो. दिलेलं वचन पाळण्यासाठी माणूस रात्र जागतो. अंदाज चुकला तर तो दुरुस्त करतो.

ऑफिसात स्ट्रेच डोळ्यांना दिसतो. कुणाचा डबा तसाच राहिलेला असतो, कुणी कॉफीच्या मशीनपाशी भिंतीला टेकलेलं असतं. रिमोट टीममध्ये नावाशेजारी हिरवा ठिपका असतो, बस्स. एकदा आमच्या सांगलीच्या सहकारिणीचे कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) पाहिले: रात्री १:१५, १:५०, लागोपाठ तीन रात्री. स्टँडअपला तिन्ही दिवशी तिचं उत्तर एकच, "काही ब्लॉकर नाही," म्हणजे काही अडलेलं नाही. नंतर वेगळा फोन केला, तेव्हा कळलं की मुलगी तापाने आजारी होती आणि दिवसा जे राहायचं ते ती रात्री उरकत होती. तिच्या दोन स्टोऱ्या, म्हणजे तिच्या वाट्याची दोन कामं, आम्ही त्याच संध्याकाळी स्प्रिंटमधून काढल्या. कमिटच्या वेळा बघायच्या त्या असा फोन करण्यासाठी. हजेरी घेण्यासाठी बघायला लागलात, तर माणसं त्या लपवायला शिकतील.

स्ट्रेच नेहमी शेवटच्या आठवड्यातच शिरतो असंही नाही. बऱ्याचदा तो प्लॅनिंगलाच शिरतो. पाच जण, दहा दिवस, म्हणून पन्नास दिवस धरले, आणि गणपतीला दोघं कोकणात जाणार हे कुणी बोललंच नाही. किंवा क्लायंट न्यूयॉर्कला असतो. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठ. सकाळी नऊला बसलेला माणूस त्या कॉलपर्यंत थांबला, तर कुणी काही न म्हणता रोजचा स्ट्रेच सुरू होतो. ज्या दिवशी असा कॉल असेल, त्या दिवशी काम दुपारीच सुरू करायचं, हे टीम लीडने स्वतः पाळून दाखवावं लागतं. नुसतं सांगून भागत नाही.

साइट बंद पडली, लोकांचे पैसे अडकले, तर रात्री बसावंच लागतं. त्याला इमर्जन्सी म्हणा आणि पुढच्या आठवड्यात सुट्टी द्या. इथे वादच नाही.

खरं नुकसान होतं ते आकड्यांमध्ये. टीम कामाचा आकार अंदाजाने पॉइंटमध्ये मोजते. समजा टीमची चाल दर स्प्रिंटला ३२ पॉइंट आहे. तीन रात्री जागून ४१ झाले. चार्टवर ४१ दिसतात, रात्री दिसत नाहीत. पुढच्या प्लॅनिंगला कुणी तरी तेच ४१ धरतो, आणि स्ट्रेच हाच नेहमीचा वेग होऊन बसतो. म्हणून आता मी अशा ४१ शेजारी "तीन रात्री" एवढं लिहून ठेवतो, आणि प्लॅनिंगला ३२ धरतो.