संत्र्याची साल: रसायन जुनं, गोळा करणारा नवा

संत्र्याच्या सालीतून अँटिऑक्सिडंट, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने होणारा बिघाड रोखणारी द्रव्यं काढता येतात, ही गोष्ट दर हंगामात कालच शोध लागल्यासारखी सांगितली जाते. खरं तर लेब्रेटन नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सालीच्या आतल्या पांढऱ्या अस्तरातून हेस्पेरिडिन नावाचं असंच एक द्रव्य वेगळं काढलं ते १८२८ साली. फोडीवरचे जे धागे आपण निगुतीने सोलून टाकतो, त्यातही तेच असतं. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. दुसऱ्या रघूजींनी औरंगाबादकडून संत्र्याची झाडं आणून आपल्या बागेत लावली, असं सांगतात. म्हणजे फळ इथे होतं, रसायन तिकडे कळलेलं होतं.

पण हे द्रव्य नेमकं कशाच्या कामाचं, हे कळायला शंभर वर्षं गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये मुरू आणि द्युफ्रेस हे दोन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅक्रोलीन नावाच्या डोळे झोंबवणाऱ्या द्रवामागे लागले होते. हवा लागली की तो बिघडे. त्यात हायड्रोक्विनोन चिमूटभर टाकलं तर मात्र टिके. हवेतल्या ऑक्सिजनला आवर घालणारी द्रव्यं असतात, हा विचार तिथून पक्का झाला. १९३६ मध्ये हंगेरीच्या सेंट-ज्यॉर्जी आणि रुझन्याक या शास्त्रज्ञांनी लिंबाच्या सालीतल्या फ्लॅव्होनॉइडांना, म्हणजे हेस्पेरिडिनच्या वर्गातल्या द्रव्यांना, थेट ‘व्हिटॅमिन पी’ म्हणून टाकलं. ते जीवनसत्त्व असल्याचं सिद्ध झालं नाही आणि १९५० मध्ये हे नाव मागे पडलं. हेस्पेरिडिन मात्र औषधांच्या दुकानात टिकलं. मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी डायोस्मिनची जी गोळी मिळते, तिच्यात बहुधा ते असतं आणि डायोस्मिनही हेस्पेरिडिनपासूनच बनवता येतं.

सालीला आज जो भाव येऊ पाहतोय, त्याचं मूळ तेलात आहे. तेल जुनं झालं की खवट होतं. हा खवटपणा लांबवण्यासाठी गेल्या शतकाच्या मध्यापासून बीएचए, बीएचटी आणि पुढे टीबीएचक्यू ही कृत्रिम द्रव्यं वापरात आली. घरातली तेलाची पिशवी उलटून पाहा, बारीक अक्षरात ‘आयएनएस ३१९’ असेल तर ते टीबीएचक्यू. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या प्रयोगांत बीएचएमुळे उंदरांच्या पुढच्या जठरात गाठी झाल्या. माणसाला तसं जठर नसतं, त्यामुळे त्या निष्कर्षावर वाद झाले. पण धास्ती बसली ती बसली. उद्योग नैसर्गिक पर्याय शोधू लागला. रोजमेरी या सुगंधी झुडपाचा अर्क पुढे निघून गेला आणि फळांच्या साली प्रयोगशाळांत शिरल्या. डाळिंबाच्या सालीत टॅनिन, आंब्याच्या सालीत मँगिफेरिन, संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन, नोबिलेटिन, फेरुलिक आम्ल.

इथे एक गल्लत फार होते. तेल टिकवणारं द्रव्य खाल्लं की माणूसही टिकतो, असं नाही. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांवरच्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, १८ टक्क्यांनी जास्त निघाला. खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट ताकद मोजणारी यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतली. तेव्हा सालीच्या पावडरीच्या डब्यावर कुणी तारुण्य विकत असेल तर विकू दे. माझ्या मते सालीचं खरं गिऱ्हाईक तेलवाला, फरसाणवाला आणि साबणवाला आहे.

मग नागपुरात सालीचा हा उद्योग आधीच का उभा राहिला नाही? लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था इथे १९४२ पासून आहे, तेल आणि अन्न हे तिचे जुने विषय. लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र (आताची केंद्रीय संशोधन संस्था) १९८५ पासून. अडचण ज्ञानाची नव्हतीच. फ्लोरिडात, ब्राझीलमध्ये संत्रं कारखान्यात पिळलं जातं. फळाचं निम्मं वजन चोथा-साल म्हणून एकाच दारात पडतं आणि त्यातून तेल, जॅम घट्ट करणारं पेक्टिन, गुरांचं खाद्य निघतं. आपलं संत्रं सोलायला सोपं, गोड, म्हणून हातानेच खाल्लं जातं. नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या ‘नोगा’सारखा प्रक्रियेचा जुना प्रयत्न झाला, पण बहुतेक माल कळमन्याच्या बाजारातून ट्रकने बाहेरच जातो. त्याची साल दिल्लीत, कोलकात्यात पडते. इथली घंटागाडीतून भांडेवाडीच्या कचराडेपोत जाते. थोडी कुणाच्या गच्चीवर उटण्यासाठी वाळते, तेवढीच.

ओली साल दोन-चार दिवसांत बुरसते. बायोगॅसमध्ये घालावी तर सालीच्या तेलातलं लिमोनीन जिवाणूंनाच नडतं. म्हणून आधी वाळवणं आलं. मृग बहाराची फळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणीला येतात, तेव्हा विदर्भातली हवा कोरडी असते आणि साल सावलीतही खडखडीत होते. आंबिया बहाराच्या तोडणीला, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, ती सोय तितकी नाही. तिथे ड्रायर लागणार. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातला पतंजलीचा फूड पार्क सुरू झाला. असा मोठा रसकारखाना चालला की साल पहिल्यांदाच ढिगाने एका जागी येईल. त्यानंतरचा प्रश्न फवारणीचा. कीटकनाशकं मुख्यतः सालीवरच राहतात, धुतल्याने सगळी जात नाहीत आणि अर्क काढताना उपयोगी द्रव्याबरोबर तीही दाट होऊ शकतात. सालीचा दर ठरवताना कारखान्याला बागेतली शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे आधी विचारावं लागेल.