जाळीदार पार्ट छापण्याआधी सिम्युलेशन कशासाठी?

थ्रीडी प्रिंटिंगमध्ये एकाच पार्टला कुठे भरीव, कुठे दाट जाळी, तर कुठे विरळ जाळी देता येते. वजन घटते, छपाईची धातूची पावडर वाचते. मात्र ही घनता कुठे किती ठेवायची ते नजरेच्या अंदाजाने ठरवू नका; आधी संगणकावर लोड देऊन पार्ट तपासा, म्हणजेच सिम्युलेशन करा, ही हे काम करणाऱ्या आमची आग्रहाची विनंती.

घनता आणि ताठपणा एकाच प्रमाणात कमी होत नाहीत. ज्या जाळीच्या काड्या लोडखाली वाकतात, तिचा ताठपणा साधारणपणे घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. भरीव धातूच्या 20 टक्के घनता ठेवली तर ताठपणा 4 टक्क्यांच्या आसपासच उरतो. काड्या न वाकता ओढ आणि दाब घेतील अशी त्रिकोणी बांधणी केली, की तेवढ्याच वजनात पार्ट बराच ताठ होतो.

अख्ख्या पार्टमधली काडी न् काडी संगणकात मांडली तर गणित आवाक्याबाहेर जाते. म्हणून आम्ही आधी जाळीचे एकच घर घेतो. त्याच्या चहूबाजूंना तशीच घरे आहेत असे धरून ते दाबतो, ओढतो, तिरके ढकलतो आणि त्या घनतेचे सरासरी गुणधर्म काढतो. यालाच होमोजिनायझेशन म्हणतात. हे गुणधर्म जागोजागी भरून मग पूर्ण पार्ट तपासतो. भिंतीच्या जाडीत जेमतेम दोन-तीन घरे बसत असतील, किंवा जाळी भरीव भागाला जिथे मिळते, तिथे मात्र ही सरासरी फसवते. तेवढा भाग खऱ्या काड्यांसह पुन्हा सोडवावाच लागतो.

आमचा सर्वाधिक वेळ जातो तो छापून आलेल्या काडीवर. ड्रॉइंगमधली 0.5 मिमी व्यासाची काडी प्रत्यक्षात 0.4 मिमी भरली, तर तिचा वाकण्याला होणारा विरोध 41 टक्क्यांवर येतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. उलट, खालच्या अंगाला अर्धवट वितळलेली पावडर चिकटली की तीच काडी कॅलिपरमध्ये जाड भरते, पण ती पावडर भार घेत नाही. म्हणून पार्ट ज्या मशीनवर छापायचा त्याच मशीनवर, त्याच पावडरमध्ये आणि त्याच कलात (तिरपेपणात) छापलेला जाळीचा छोटा नमुना आम्हाला हवा असतो. तो कापून, मोजून मिळालेला व्यासच आम्ही सिम्युलेशनमध्ये घालतो.

ड्रॉइंगसोबत लोड किती, कोणत्या दिशेने, पार्ट कुठे पकडलेला आणि किती वाकला तर चालेल, एवढे जरूर लिहा. लोड पुन्हा पुन्हा येणार असेल तर तेही कळवा. अशा पार्टसाठी आम्ही नुसत्या सिम्युलेशनवर न थांबता प्रत्यक्ष फटीग टेस्ट (पुन्हा पुन्हा लोड देऊन पार्ट किती टिकतो ते पाहणारी चाचणी) करायला सांगतो.