संचकार (खरेदी-विक्रीचा विसार) करण्याआधी एकदा भेटा: घर, भाडं आणि धंद्याच्या कराविषयी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार,

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या करसल्ल्याच्या ऑफिसात बसायला जागा नसते आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "आता काय करता येईल?" तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. किती कर बसणार हे पैसे ज्या दिवशी दिले-घेतले आणि कागद ज्याच्या नावावर झाला, तिथंच बरंचसं ठरून गेलेलं असतं. ते आधी कळावं म्हणून हे पत्रक. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्यानं कलमांचे क्रमांक दिलेले नाहीत.

घरातलं उत्पन्न

नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, पगारदारांना १२ लाख ७५ हजारांपर्यंत, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण शेअर किंवा प्लॉट विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला ही सवलत लागत नाही.

दुसरी गोष्ट उसाची, म्हणजे शेतीच्या उत्पन्नाची. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण बाकीच्या उत्पन्नावर दर कुठला लागणार हे ठरवताना ते हिशेबात धरलं जातं. दुकानाचं उत्पन्न १० लाख आणि खर्च वजा जाता शेतीचं ६ लाख असेल, तर सवलत मिळूनही २० हजार कर आणि वर ८०० रुपये उपकर भरावा लागतो. "१२ लाखांच्या आत आहे, रिटर्न कशाला?" असं म्हणणाऱ्यांना पुढं नोटीस येते, तेव्हा वाईट वाटतं. साखर कारखान्याच्या बिलांबरोबर खत, बियाणं, तोडणीच्या पावत्याही जपून ठेवा.

पत्नीच्या नावावर ठेव ठेवली आणि पैसे तुमचे असतील, तर व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात. आई-वडिलांना किंवा सज्ञान मुलांना रक्कम भेट दिली, तर व्याज त्यांचं. मात्र भेट खरी हवी. पैसे बँकेतून जावेत, साधं का होईना भेटपत्र असावं, आणि नंतर ते पैसे तुमच्या खात्यात परत येऊ नयेत.

भाडं

इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाडं कोण गोळा करतं याला अर्थ नाही, मालक कोण आहे ते बघतात. कोल्हापुरात राजारामपुरीतलं घर आईच्या नावावर असेल आणि भाडं मुलाच्या खात्यात येत असेल, तरी उत्पन्न आईचंच. अशा वेळी भाडं थेट आईच्या खात्यात घ्या. बहुतेक घरांत आईला दुसरं उत्पन्न नसतं, त्यामुळं तिला करही लागत नाही.

समजा वरचा मजला महिना १५ हजारांनी दिला आहे. वर्षाचे १ लाख ८० हजार झाले. मालकानं त्या वर्षात भरलेली घरपट्टी १० हजार वजा केली की १ लाख ७० हजार उरतात. त्यातून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट ३० टक्के, म्हणजे ५१ हजार, बिलं न दाखवता वजा होतात. करपात्र राहतात १ लाख १९ हजार. रंगकामाला याहून जास्त खर्च आला तरी तो वेगळा मिळत नाही. थकलेली घरपट्टी भरल्याशिवाय वजा होत नाही, म्हणून ३१ मार्चच्या आत भरा. घरावर कर्ज असेल तर भाड्यानं दिलेल्या घराचं व्याजही वजा होतं, पण नव्या पद्धतीत त्यातून आलेला तोटा पगारातून किंवा धंद्यातून वळता करता येत नाही.

लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरार) नोंदवणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. ओळखीचा भाडेकरू असला तरी नोंदवाच. वाद झाला आणि करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

दुकान आणि कारखाना

उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत), तर अंदाजित नफ्याची पद्धत घेता येते. बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरतात. काउंटरवर क्यूआर कोड लावल्याचा हाही एक फायदा. या पद्धतीत संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा. मार्केट यार्डातल्या अडत्यांनी मात्र लक्षात घ्यावं, कमिशनच्या उत्पन्नाला ही पद्धत चालत नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारांसाठी: उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु जॉबवर्कवाल्याचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्या. मुदत उलटून ते वर्षअखेरीला थकलेलं असेल, तर तो खर्च त्या वर्षी नफ्यातून वजा होत नाही, पैसे द्याल त्या वर्षी होतो.

जमीन विकताना

ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५ लाख ४९ हजार होती, त्यामुळं महापालिका हद्दीपासून ६ किलोमीटरच्या आतली जमीन यात बसत नाही. हे अंतर रस्त्यानं नव्हे, सरळ रेषेत मोजतात. हद्दीजवळचं रान विकणार असाल तर संचकारपत्र करण्याआधी या. त्या पैशातून दुसरी शेती घेऊन कर वाचवता येतो, पण त्याला दोन वर्षांची मुदत आणि इतर अटी आहेत. येताना सातबारा, खरेदीखत आणि सगळ्या हिस्सेदारांची पॅन कार्डं घेऊन या.