छावणीतून घरी जाणारं पत्र: पार्श्वभूमी

जुलै 2020 मध्ये लष्कराने जवान आणि अधिकाऱ्यांना फेसबुकसह 89 अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकायला सांगितलं, तेव्हा बरीच चर्चा झाली. छावणीतून घरी जाणाऱ्या शब्दावर नजर ठेवायची रीत मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे.

मोहिमेवरच्या फौजेबरोबर हिंदुस्थानातून टपाल कचेरी पहिल्यांदा गेली ती 1856 च्या इराण मोहिमेत. पण खरी ताटातूट झाली पहिल्या महायुद्धात. सप्टेंबर 1914 च्या अखेरीस हिंदी पलटणी मार्सेलिसला उतरल्या. सावरकरांच्या उडीमुळे आपल्याला ठाऊक असलेलं तेच बंदर. महिना 11 रुपये पगाराचा शिपाई बहुधा निरक्षर असे. तो सांगायचा आणि लिहिता येणारा एखादा सोबती उतरवून घ्यायचा. गावी पुन्हा कुणीतरी साक्षर माणूस ते वाचून दाखवायचा. मध्ये, फ्रान्समधल्या बुलोनला, सेन्सॉरची कचेरी. नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं ते एवढ्यांदेखत!

मग आडून बोलणं आलंच. ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी शिपाई, ‘लाल मिरी’ म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं लिहिलं की घरच्यांनी काय ते ओळखायचं. सेन्सॉरनेही ते ओळखलं. गंमत म्हणजे यातली कितीतरी पत्रं आज वाचायला मिळतात ती त्याच कचेरीने अहवालासाठी केलेल्या इंग्रजी उताऱ्यांमुळे. मूळ कागद बहुतेक नाहीसे झाले.

मराठी घरांना जास्त झळ लागली ती मेसोपोटेमियाची (आजचा इराक). डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत चाललेल्या तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. धान्य सरत आलं तसे घोडे कापले जाऊ लागले. धर्मगुरूंची परवानगी मागवून झाली, तरी अनेक हिंदी शिपायांनी कितीतरी दिवस त्या मांसाला हात लावला नाही. श्रद्धेचा भाग होताच, पण धास्ती गावाचीही होती: परतल्यावर लोक पंक्तीला बसू देतील का, पोरींना स्थळं येतील का? हजारो मैलांवर, उपाशीपोटीही गावकीचा शब्द मोडवत नव्हता. त्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे (जिल्हा सातारा) 46 जण कामी आले. गावात त्यांचं स्मारक आहे.

स्वातंत्र्यानंतर 1 मार्च 1972 ला लष्करी टपालसेवेचं स्वतंत्र दल झालं. पाकिटावर नाव, पलटण आणि ‘मार्फत 56 एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) एवढंच लिहायचं. पोरगा नेमका कुठल्या टेकडीवर आहे, हे पत्त्यावरून आईलाही कळत नसे. आता फोन आहे, पण फील्डवर रेंज असेलच असं नाही. पहाटेची पीटी, लंगर (पलटणीचं जेवण) आणि संध्याकाळचा रोल कॉल यांत बोलायला उसंत मिळते ती थोडीच. वर्षाची 60 दिवसांची रजा आणि 30 दिवसांची किरकोळ रजा पुरवून वापरावी लागते. त्यामुळे सैनिकाच्या घरी लग्नाची तारीख भटजींना विचारून नव्हे, सुट्टी मंजूर झाल्यावर ठरते.