गावाचं आरोग्य केंद्र आणि गाव : सोलापूर जिल्ह्याची पार्श्वभूमी

प्राथमिक आरोग्य केंद्र नीट चालतं की नाही, ही चर्चा बहुतेक वेळा रिक्त पदं आणि औषधांचा साठा इथंच थांबते. कारभारात गावाचा हात किती, हे क्वचितच कुणी विचारतं. खरं तर ती कल्पना केंद्रांइतकीच जुनी. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने ४० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र सुचवलं, तेव्हाच गावात पाच-सात जणांची आरोग्य समिती असावी असंही म्हटलं होतं. १९५२ च्या सामुदायिक विकास कार्यक्रमातून केंद्रं उभी राहू लागली. समित्यांकडे कुणी वळून पाहिलं नाही. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे गेला आणि लोकसहभाग म्हणजे निवडून आलेला सदस्य, असं समीकरण रुळलं.

करमाळ्यापासून फार लांब नसलेल्या जामखेडला १९७० मध्ये काम सुरू केलेल्या आरोळे या डॉक्टर दांपत्याने गावातल्याच बायकांना, पुष्कळदा निरक्षर बायकांना, आरोग्याचं काम शिकवलं. १९७७ मध्ये सरकारनेही गावाने निवडायचा आरोग्यरक्षक नेमला, महिना ५० रुपये मानधनावर. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, आणि योजना हळूहळू विरली.

आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र आरोग्य केंद्राच्या बाहेरचं आहे. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे भागातल्या प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवणारी यंत्रणा, सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्याखाली होती. शहरात रुग्णालयाचे कागद चाळले की रुग्ण सापडतात. इथं माणूस घरीच मरण पावायचा, मृत्यूचं कारण कुठल्या दाखल्यावर नसायचं. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावात जायचे, बायका-पुरुषांना जमवून बोलायचे. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जातंय का, छातीत गाठ लागते का, तोंडातली जखम भरत नाही का, हे विचारायचे आणि अशा वेळी काय करायचं तेही सांगायचे. कुणात लक्षण दिसलं तर तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात यायला राजी करायचे. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या टप्प्यावर सापडू लागले. नवं यंत्र आलं म्हणून नव्हे, बायका लवकर आल्या म्हणून. आरोग्य केंद्राची कामगिरी मोजताना हा धागा सुटू नये, असं मला कळकळीने वाटतं, कारण केंद्रात कोण येतं आणि कधी येतं हे केंद्राच्या भिंतीबाहेरच ठरतं.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ ही गावातली आरोग्य स्वयंसेविका दिली, केंद्राच्या कारभारासाठी रुग्ण कल्याण समिती दिली, गावाची आरोग्य समिती दिली. केंद्राच्या हाताखालच्या उपकेंद्राला वर्षाला १० हजारांचा अबंधित, म्हणजे कशावर खर्चायचा याचं बंधन नसलेला, निधी आला, नर्सताई आणि सरपंचांच्या संयुक्त खात्यावर. पैसा थोडा, पण गावाने ठरवून खर्च करायचा. तसं ठरवणं कमीच गावांत झालं. अनेक ठिकाणी बैठक होतच नाही. रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात, ठराव नंतर लिहिला जातो. यात आशाताईला दोष देणं अन्यायाचं आहे. समितीत आपण आहोत हेच ज्या सदस्यांना ठाऊक नाही, त्यांना ती एकटी कशी जमवणार?

आरोग्यसेवांवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवायची लोकाधारित देखरेख २००७ मध्ये राज्यातल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचे पुणे आणि उस्मानाबाद होते. सोलापूर पुढच्या टप्प्यात आलं. गावकऱ्यांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असा शेरा द्यायचा आणि तो जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवायचा, अशी तिची रीत. बाहेरून औषधं लिहून देणं, उपकेंद्राला कुलूप, गरोदर बाईकडून पैसे मागणं, या गोष्टी तिथं उघडपणे बोलल्या जायच्या आणि उत्तर लगेच मागितलं जायचं. अर्ज देऊन वर्षभर वाट पाहण्यापेक्षा हे फार वेगळं होतं.

२०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं (आताची आयुष्मान आरोग्य मंदिरं) होऊ लागली, समुदाय आरोग्य अधिकारी आले आणि सोबत जन आरोग्य समिती. उपकेंद्राच्या समितीचे अध्यक्ष सरपंच असतात आणि जनसंवाद, म्हणजे सेवांबद्दल गावकऱ्यांशी खुली चर्चा, घेणं हे समितीचं कामच आहे. तो तुमच्या गावात शेवटचा कधी झाला, हे पुढच्या ग्रामसभेत विचारता येईल.