क्रूझ कंट्रोलला घाट कसा कळतो?

पाऊस लागला की आमच्या कोल्हापुरात ग्रुपवर दोन फॉरवर्ड फिरायला लागतात. एक पंचगंगेच्या पाणीपातळीचा, तो कामाचा असतो. दुसरा क्रूझ कंट्रोलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणाऱ्या गाडीतल्या सोयीचा. कुणीतरी बाई भर पावसात क्रूझ लावून चालली होती, गाडी पाण्यावर घसरली, क्रूझनं आपोआप स्पीड वाढवला आणि गाडी विमानासारखी हवेत उडाली म्हणे!

यातला सल्ला बरोबर आहे बरं का, पावसात क्रूझ लावू नये हे गाडीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. पण दिलेलं कारण साफ खोटं. गाडीला पुढं ढकलतो तो रस्ता, टायर रस्त्याला मागं रेटतो आणि रस्ता टायरला पुढं रेटतो, न्यूटनचा तिसरा नियम, नववीत झालाय सगळ्यांचा. मध्ये पाण्याचा थर आला आणि पकड सुटली की इंजिन कितीही बोंबललं तरी गाडीचा वेग वाढायचा कसा? खरा धोका वेगळाच आहे. घसरतंय असं वाटलं की आपण आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. क्रूझ लावलेला असताना पाय आधीच बाजूला असतो, त्यामुळं माणूस दचकून थेट ब्रेक दाबतो आणि तिथंच खेळ संपतो. नव्या गाड्यांत चाक घसरलं की क्रूझ आपोआप सुटतो, पण त्या भरवशावर राहू नका.

तर हा क्रूझ करतो काय? बऱ्याच जणांना वाटतं की ८० ला सेट केला म्हणजे पॅडल त्या जागी 'लॉक' होतं. असं असतं तर निपाणी सोडून तवंदी घाटाचा चढ लागल्यावर गाडी रडायला लागली असती. पॅडल लॉक होत नाही, आकडा लॉक होतो. चाकांजवळचे सेन्सर खरा वेग सांगतात, कॉम्प्युटर तो ८० मधून वजा करतो, आणि जो फरक उरतो, त्याला 'एरर', म्हणजे चूक, म्हणतात, त्यावरनं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी झडप, किती उघडायचं ते ठरवतो. सेकंदात कितीतरी वेळा. घाट आला, वारा समोरनं आला, मागं चार माणसं बसली, यातलं त्याला काही म्हणजे काही माहीत नसतं. फक्त चूक दिसते.

ही आयडिया जुनी आहे. जेम्स वॅटनं १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वाफ कमी होते. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे शिकवायला नको, गुऱ्हाळावर ऑइल इंजिनवर चरक चालायचा तेव्हा उसाची मोळी आत गेली की इंजिनाचा आवाज जड व्हायचा, गव्हर्नर डिझेल वाढवायचा आणि इंजिन परत सावरायचं. पण कान देऊन ऐकलं असेल तर आठवेल, लोड असेपर्यंत ते पूर्ण पहिल्यासारखं पळायचं नाही, किंचित हळूच राहायचं. का, तर खरी गंमत तिथंच आहे.

समजा आपला क्रूझ असा आहे की सपाट रस्त्याला २० टक्के थ्रॉटल, आणि वेग जितके किमी कमी पडेल त्याच्या पाचपट टक्के जादा. आता तवंदीच्या चढाला ८० नं जायला ५० टक्के लागतात असं धरा, म्हणजे ३० जादा हवेत. ३० जादा कधी मिळणार? वेग ६ किमीनं पडल्यावर. म्हणजे गाडी ७४ च्या आसपास येऊन तिथंच बसणार. ८० ला पोचली तर चूक शून्य, चूक शून्य तर जादा थ्रॉटल शून्य, मग परत पडणार. जादा जोर मिळवायला चूक शिल्लकच ठेवावी लागते! मग पाचपटीऐवजी तीसपट करू की, असं तुम्ही म्हणाल. फरक एक किमीवर येईल खरा, पण थ्रॉटल उघडल्यापासून गाडीनं वेग घेईपर्यंत थोडा वेळ जातो, तेवढ्यात कॉम्प्युटर जास्तीचं देऊन बसतो, मग एकदम काढून घेतो, आणि मागच्या सीटवरच्या आजीला उलटी होते.

यावरचा उपाय मला फार म्हणजे फार आवडतो. किराणावाल्याच्या उधारीच्या वहीसारखा हिशोब ठेवायचा. प्रत्येक क्षणी वेग किती कमी पडला ते बेरजेत मांडत जायचं, आणि थ्रॉटल त्या बेरजेवरही ठरवायचं. चढावर गाडी मागं पडते, बेरीज वाढत जाते, थ्रॉटल उघडत जातं, गाडी ८० ला येते. आता चूक शून्य झाली, पण शून्य मिळवल्यानं बेरीज कमी होत नाही, ती आहे तशीच राहते आणि तीच ते ३० टक्के धरून ठेवते. म्हणजे घाट किती चढाचा आहे हे कुणी न सांगता त्या बेरजेत आपोआप लिहिलं गेलं! गणितात याला इंटिग्रल म्हणतात, बारावीला ज्यानं रडवलं तेच हे. याच्या जोडीला चूक किती झपाट्यानं बदलतेय तेही बघतात, आताची चूक, तिची बेरीज आणि तिचा बदल, तिन्ही मिळून पीआयडी (प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह). मिनोर्स्की नावाच्या इंजिनिअरनं १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसाठी हे मांडलं.

बेरजेचा एक त्रास आहे. चढ संपला तरी जुनी बेरीज शिल्लक असते, त्यामुळं माथ्यावर गाडी जराशी ८० च्या वर जाते, मग उलटी चूक साठून बेरीज उतरते. आणि गाडी गच्च भरलेली, थ्रॉटल पूर्ण उघडूनही ८० येतच नाही, तर बेरीज नुसती फुगत जाणार आणि सपाटीला लागल्यावर गाडी उधळणार. म्हणून थ्रॉटल पूर्ण उघडलं की बेरीज गोठवायची, एवढी एक अट प्रोग्रॅममध्ये घालावीच लागते. उताराला मात्र साधा क्रूझ हतबल, थ्रॉटल शून्यावर आणू शकतो, ब्रेक बऱ्याच गाड्यांत त्याच्या हातात नसतो.

गाडीतला आजचा क्रूझ ज्याच्यापासनं सुरू झाला तो राल्फ टीटर अंध होता, पाच वर्षांचा असताना अपघातात दृष्टी गेलेली. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की हळू व्हायचा आणि ऐकायला लागला की जोरात, त्या हिसक्यांना वैतागून त्यानं हे बनवलं असं सांगतात. पेटंट १९५० चं, गाडीत आला १९५८ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये.

आता नवीन ॲडाप्टिव्ह क्रूझ. पुढं रडार, बहुतेक ७७ गिगाहर्ट्झचा, पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग मोजतो आणि ब्रेकही मारतो. लोक लगेच 'ऑटोपायलट' म्हणून हात सोडून रील काढतात. बाबांनो, रस्त्यावर थांबलेल्या वस्तूंच्या बाबतीत हे रडार कच्चं असतं. कमानी, बोर्ड, रेलिंग, सगळ्यावरनं लाटा परत येतात, प्रत्येकाला ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही, म्हणून बऱ्याच सिस्टीम स्थिर गोष्टींकडं काणाडोळा करतात. आणि आपल्याकडं गळीत हंगामात रात्री हायवेच्या कडेला काय उभं असतं? टेललाइट नसलेली उसाची ट्रॉली. शिवाय नवी गाडी घेतली की बंपरला लिंबू-मिरची बांधतात, ती नेमकी रडारच्या तोंडावर. दृष्ट लागण्याचं मला माहीत नाही, पण रडारसमोर चिखल असो की पाण्यानं भरलेलं लिंबू, लाटांना अडथळा होतोच. बांधायचीच असेल तर मागं बांधा.